मी फक्त जोर सांगतो

बोलणं हा काही माझा धंदा नव्हे, तरी आज बोलतोय. मी एक छोटा मिडी पॅड. शाळेच्या वहीएवढा लांबरुंद, दोन बोटं जाड, अंगावर सोळा रबरी चौकोन, वरच्या अंगाला आठ फिरत्या खुंट्या आणि पाठीमागे एक वायर. संगीताशी संबंध असलेली वस्तू म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, मग वाजून दाखव की. तिथेच तर गोची आहे. मला आवाजच नाही. माझी वायर काढा आणि मला दिवसभर बडवा, टप टप यापलीकडे माझ्या पोटातून काही निघायचं नाही.

मग मी करतो काय? मी निरोप्या आहे. कुठल्या चौकोनावर बोट पडलं आणि किती जोरात पडलं, एवढे दोनच निरोप मी वायरीतून लॅपटॉपला देतो. त्या चौकोनावर ढोल वाजवायचा की घंटा, ते लॅपटॉप ठरवतो. त्याने एखाद्या चौकोनाला शिंक नेमून दिली तर शिंक ऐकू येते. त्यात माझं काही कर्तृत्व नाही. माझं कर्तृत्व एकच: जोर मी अचूक सांगतो. बोट नुसतं टेकलं तर दोन-तीन, दणकून मारलं तर एकशेसत्तावीस. त्याच्या वर माझ्याकडे आकडाच नाही. शंभरावर का थांबले नाहीत ते मला घडवणाऱ्यांना विचारा.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका यंत्राच्या पोलादी बोटाने माझा प्रत्येक चौकोन हळू, मध्यम आणि जोरात असा तीनदा दाबला. मग चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई आली. तिचा यंत्रावर भरवसा नसावा. तिने अंगठ्याने सोळाच्या सोळा चौकोन पुन्हा दाबून पाहिले, समोरच्या पडद्यावरचे आकडे वाचले आणि शेजारणीला म्हणाली, "बरोबर सांगतोय." आयुष्यातलं माझं ते पहिलं प्रशस्तिपत्रक. ते मी जरा जास्तच मनावर घेतलं.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. माणसांना हौस कधी आणि कशाची होईल, सांगता येत नाही. त्याने खोकं उघडताना स्वतःचं चित्रीकरण केलं, मला चारही बाजूंनी कॅमेऱ्याला दाखवलं आणि मग दात ठोकून बघतात तसा एकेक चौकोन ठोकून बघितला. सगळे आकडे अठरा ते वीस. दुखत असेल तर मी ओरडेन अशी त्याला भीती असावी. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, त्याने आठव्या दिवशीच मला दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत जुन्या मासिकांखाली ठेवलं. माझ्या तिसऱ्या चौकोनावर चहाच्या कपाचं जे गोल आहे, ते त्या काळातलं.

तिथे मी वर्षभर पडून होतो. लोक दाताच्या भीतीने मासिकं चाळायचे आणि चाळता चाळता नकळत माझ्यावर बोटं वाजवायचे. घाबरलेल्या माणसाची बोटं भराभर आणि हलकी पडतात, हे मला तिथेच कळलं. पण वायरच जोडलेली नव्हती. निरोप कुणाला देणार?

मग एके दिवशी एक मुलगी अक्कलदाढ काढायला आली. मुलगी म्हणजे चांगली तिशीची. दाढ काढून झाल्यावर मासिक उचलायला गेली आणि मी दिसलो. तिचा अर्धा जबडा बधिर होता, बोलता येत नव्हतं. तिने मला उचलून डॉक्टरांपुढे धरलं, माझ्याकडे बोट केलं, स्वतःकडे बोट केलं आणि हात जोडले. डॉक्टर हसत सुटले. तिने एका कागदावर लिहून दिलं की बदल्यात तुमच्या बाहेरच्या खोलीसाठी एक शांत धून करून देते. असा मी एका दाढेच्या निमित्ताने माझ्या मालकिणीच्या घरी आलो.

तिचा धंदा मजेशीर. तुम्ही एखाद्या कंपनीला फोन केला असेल आणि तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं सांगून त्यांनी तुम्हाला पाव तास ताटकळत ठेवलं असेल, तर तेव्हा वाजणारी धून कदाचित तिनेच केलेली असेल. शिव्या तिला देऊ नका. ती जीव ओतून करते. घराच्या मागच्या खोलीत तिचं टेबल, भिंतींना आवाज घुमू नये म्हणून टांगलेल्या जुन्या रजया, दोन स्पीकर, एक लॅपटॉप आणि आता मी. खालच्या ओळीत ढोलाचे ठोके, त्यावर झांजा, त्यावर टिचक्या, त्यावर काहीबाही. ती चार मोजायची, तर्जनी आणि मधल्या बोटाने एक तुकडा वाजवायची, तो तुकडा लॅपटॉपमध्ये गोल गोल फिरत राहायचा आणि ती त्यावर दुसरा थर चढवायची. वाजवताना तिची जीभ बाहेर यायची. ठोका चुकला की माझ्याकडे डोळे वटारून बघायची, जणू बोट माझं होतं.

तिचे आकडे मला पाठ झाले. कामात रमली की साठ-सत्तर. आईशी वाजलं असेल तर शंभराच्या खाली बात नाही. माणसं तोंडाने काहीही म्हणोत, बोटांनी खरं बोलतात आणि ते खरं पुढे पोचवण्यात मला फार मोठेपणा वाटायचा. गर्वाचं घर खाली असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता बाबांची ओळख करून देतो, कारण ही गोष्ट त्यांचीच आहे. मालकिणीचे बाबा गाड्यांचे पोचे काढतात. त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे. तिथे त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. दार चेपलेली, नाक बसलेली, कुणाच्या तरी मागे जाऊन धडकलेली गाडी त्यांच्याकडे येते. डाव्या हाताने पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरायचा आणि उजव्या हाताने पुढून हातोडीचे ठोके द्यायचे, पत्रा आपल्या मूळ जागी जाईपर्यंत. कुठे किती जोर, सगळी विद्या त्यातच. त्यांच्या शेजारी पेंटरकाका. मिस्त्रींनी सरळ केलेल्या पत्र्यावर रंग मारणं त्यांचं काम. दोघांची दोस्ती तीस वर्षांची, भांडण रोजचं.

बाबांना जगात एका गोष्टीचा राग होता: पुट्टी. काही कारागीर पोचा ठोकून काढतच नाहीत. खड्ड्यात पुट्टी भरतात, वरून घासून रंग मारतात. दिसायला गुळगुळीत, आत पोचा तसाच. असं काम दिसलं की बाबा जेवतानासुद्धा त्याचीच निंदा करत. आई म्हणायची, "अहो, ताटात पुट्टी नाही, खा आता."

तर हे बाबा एका रविवारी ट्यूबलाइट बदलायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात बाहेर आला, तो बघून बाबा म्हणाले की हा कुणा दुसऱ्याचा दिलाय. बोटं वळत होती, पण जोर म्हणून नव्हता. फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाबायला एक मऊ चेंडू दिला. मी काय तान्हा आहे का, असं म्हणून बाबांनी तो असा काही ठेवला की तो थेट कपाटाखाली सापडला. बाई म्हणाल्या, चेंडू नको तर टेबलावर बोटं तरी वाजवा, रोज अर्धा तास, जितका जोर लागेल तितका लावून.

इथे मालकिणीच्या डोक्यात मी आलो. ती फोन घेऊन गॅरेजमध्ये गेली आणि तिथले आवाज टिपून आली. बॉनेटवरची हातोडी, दारावरची हातोडी, कानशीचा खरखराट, हवेच्या पंपाचा फुस्स, पाना फरशीवर पडल्याचा खणकन् आवाज. पेंटरकाकांनी आग्रह करून आपली शिट्टीही टिपायला लावली. तिने एकेक आवाज माझ्या एकेका चौकोनाला नेमून दिला आणि बाबांना माझ्यासमोर बसवलं.

बाबा खूश झाले. आधी डाव्या हाताने सगळे चौकोन वाजवून पाहिले. हे बॉनेट नाही, डिकीचं झाकण आहे, तुला फसवलं पेंटरने, अशी चूकही काढली. मग उजवा हात उचलला, नेम धरला आणि बॉनेटवर मारला.

सहा.

मी खरं तेच सांगितलं. स्पीकरमधून जेमतेम काहीतरी खुट्ट झालं. बाबांनी पुन्हा मारला. नऊ. त्यांनी हात हळूच टेबलाखाली घेतला आणि म्हणाले, "बिघडलंय वाटतं हे."

मालकिणीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिने एवढंच म्हटलं की हो, एक सेटिंग राहिलंय. आणि तिचं बोट माझ्या डाव्या कोपऱ्यातल्या एका छोट्या बटणावर आलं.

त्या बटणाचं नाव फुल लेव्हल. ज्यांना प्रत्येक ठोका एकाच दणदणीत जोराचा हवा असतो, त्यांच्यासाठी ते दिलेलं आहे. ते एकदा दाबलं की मला माझं डोकं चालवायची मुभा राहत नाही. मुंगी चालली तरी मी लॅपटॉपला सांगणार, एकशेसत्तावीस. बटण चालू असल्याचा त्यात एक लाल दिवा लागतो. बाबांनी विचारू नये म्हणून मालकिणीने घरात पडून असलेलं पेंटरकाकांच्या कागदी टेपचं रीळ शोधलं, नखाएवढा तुकडा फाडला आणि त्या दिव्यावर चिकटवला.

बाबांनी पुन्हा हात उचलला. माझ्या हिशेबाने आठचा ठोका होता. खोलीत बॉनेट दणाणलं. रजया हलल्या असतील. बाबांचा चेहरा असा उजळला, की स्वयंपाकघरातून बघायला आलेल्या आईलाही हसू आलं. माझी मात्र मान खाली गेली. चष्मेवाल्या बाईचं ते वाक्य आठवत होतं आणि तोंडाने एकशेसत्तावीस, एकशेसत्तावीस म्हणत होतो.

तरी ते दिवस मजेचे होते, नाही म्हणणार नाही. बाबा रोज सकाळी चहा संपवून यायचे. मालकीण चार मोजायची आणि बाबा तिसऱ्यालाच सुरू व्हायचे. गॅरेजमध्ये कुणी चार मोजत नाही, असं त्यांचं म्हणणं. हळूहळू ते तालात आले. दारावर दोन, बॉनेटवर एक, मग फुस्स, मग पाना. दोघांनी मिळून एक छोटी धूनही केली. मालकीण ती परत परत ऐकायची आणि नाक मुरडायची. काहीतरी कमी आहे, पण काय ते तिला कळत नव्हतं. मला कळत होतं. सगळे ठोके एकाच मापाचे होते.

आणि आत, माझ्या पोटात, बाबांचे खरे आकडे वाढत होते. चौदा. एकोणीस. सव्वीस. ते मला कुणालाच सांगता येत नव्हते. खरी प्रगती होत होती आणि तीच लपून राहिली होती. मला तर आनंदाने ओरडावंसं वाटायचं. पण ओरडणार कशाने?

खोटं एकटं राहत नाही, घर करून राहतं. बाबांना बरणीचं झाकण उघडेना, तर ते म्हणाले झाकणच आवळून बसलंय. कुलपात किल्ली फिरेना, तर कुलपाला तेल हवंय. आई सगळं बघत होती. टेपची भानगड तिला माहीत नव्हती, पण झाकण तिनेच हलक्या हाताने लावलेलं होतं.

आणि एका शनिवारी बाबांनी जाहीर केलं की सोमवारपासून गॅरेजला जातोय. हात पूर्ववत झालाय, पॅडच सांगतोय.

मालकिणीची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. अजून एक आठवडा थांबा म्हणाली. बाईंना एकदा विचारू म्हणाली. पाऊस येईल असंही म्हणाली, बाहेर कडक ऊन होतं. पण थांबा का, ते तिला सांगता येईना. सोमवारी सकाळी बाबा निळे कपडे घालून निघाले आणि ती दिवसभर माझ्यासमोर नुसती बसून राहिली. एक ठोका वाजवला नाही.

संध्याकाळी बाबा आले ते पेंटरकाकांना सोबत घेऊन. बाबा खुर्चीत बसले आणि भिंतीवरच्या रजईकडे बघत राहिले. जे घडलं ते पेंटरकाकांनी सांगितलं. एका करड्या गाडीच्या दाराला पोचा होता. बाबांनी हातोडी उचलली, पहिला ठोका दिला आणि हातोडी मुठीतून सुटली. सुटली ती थेट शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर. पेंटरकाकांनी त्याच सकाळी रंगाचा तिसरा हात मारून वाळत ठेवलेल्या बॉनेटवर. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. गिऱ्हाईक समोर उभं होतं.

पेंटरकाका रागावले नव्हते, हेच बाबांना जास्त लागलं होतं. तीस वर्षांत ते पहिल्यांदा रागावले नव्हते. काहीतरी करायचं म्हणून काका माझ्याजवळ आले. यात माझी शिट्टी कुठे आहे ग, असं विचारत त्यांनी बोट पुढे केलं. रंग वाळलाय का ते बघायला पेंटर जसं बोट टेकवतात, टेकवलं न टेकवलं असं, तसंच त्यांनी ते माझ्या एका चौकोनावर टेकवलं. आयुष्यात माझ्या अंगावर इतकं हलकं बोट कधी पडलं नव्हतं. खरा आकडा एक.

स्पीकरमधून गाडीचं दार दणाणलं. बाहेर पाणी घेऊन येणाऱ्या आईच्या हातून पेला निसटता निसटता राहिला.

काकांनी बोट मागे घेतलं आणि त्याच्याकडे पाहिलं. परत टेकवलं. परत दणाणलं. मग ते माझ्यावर वाकले आणि त्यांना तो टेपचा तुकडा दिसला. पेंटरच्या नजरेतून टेप सुटत नाही.

"ही टेप माझी," ते म्हणाले. "ज्याला रंग लागू द्यायचा नाही त्यावर लावतात ही. या बटणाला कोण रंग मारणार होतं?"

आणि त्यांनी सवयीने, कडा न फाडता, ती सरकन् सोलली. खाली लाल दिवा. मालकीण उठली तोवर काकांनी बटण दाबून दिवा विझवला होता आणि पुन्हा बोट टेकवलं होतं. मी म्हणालो, एक. स्पीकर गप्प राहिला. किती दिवसांनी मी खरं बोललो, आणि कुठल्या वेळी बोललो.

बाबांनी तिघांकडेही पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"माझ्या हातात पुट्टी भरलीस तू," बाबा म्हणाले आणि उठून आत गेले.

पुढचे पाच दिवस त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. पेंटरकाका फोनवर फोन करून माफी मागत होते. त्यांची चूक काहीच नव्हती, पण कुणीतरी चूक आपल्या अंगावर घ्यायला हवी, असं त्यांना वाटत होतं. मालकीण बाबांच्या दाराशी जायची आणि परत यायची. एकदा माझ्यासमोर बसून रडली. तिने ते प्रेमापोटी केलं होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? ते बटण दाबताना तिचं बोट किती हलकं पडलं, ते मला कळलं होतं. पण प्रेमापोटी केलं म्हणून हातोडी मुठीत राहत नाही, हेही खरं.

तोडगा काढला तो आईने. आई पोस्टात होती, तिकिटांवर शिक्के मारण्यात तिची पस्तीस वर्षं गेली. ती फारसं बोलत नाही, पण बोलते ते शिक्का मारल्यासारखं. सहाव्या दिवशी तिने बाबांना माझ्या खोलीच्या दारातच गाठलं, म्हणून मला ऐकू आलं.

"मुलीने खोटं केलं, ते चुकलंच तिचं. पण अहो, बरणीच्या झाकणाला तुम्ही महिनाभर दोष देत होतात, ते काय होतं?"

बाबा आत आले आणि मालकिणीची खुर्ची ओढून बसले. मालकीण बाजूला उभी राहिली. बाबा म्हणाले, ते बटण बंद आहे ना ते मला दाखव. तिने दाखवलं. मग म्हणाले, आकडा कुठे दिसतो? तिने लॅपटॉपवरची ती छोटी चौकट मोठी करून दिली. बाबांचा चष्मा बाहेर होता. आई वाचायला बसली.

बाबांनी उजवा हात उचलून मारला.

"एकतीस," आई म्हणाली, थर्मामीटर वाचावा तशी.

"सहावरून," मालकीण हळूच म्हणाली. "पहिल्या दिवशी सहा होता, बाबा. मी पाहिला होता."

सहावरून एकतीस. बाबांनी आपल्या हाताकडे नीट पाहिलं. त्या एकतीसमध्ये जो आनंद होता तो इतक्या दिवसांच्या एकशेसत्तावीसमध्ये नव्हता. पोचा किती खोल आहे हे कळल्याशिवाय कुठे ठोकायचं ते कळत नाही, असं ते म्हणाले, आणि मग डाव्या हाताने, दाराचा पोचा काढताना मारतात तसा एक ठोका माझ्यावर मारला. ब्याऐंशी. बाबांनी तिथेच ठरवून टाकलं: उजव्याचे ऐंशी आले की गॅरेजला जायचं, एक कमी असला तरी नाही. मग आईला विचारलं, तुझे किती? आईने पदर खोचला आणि शिक्का मारतात तसा हात आपटला. एकशेएकवीस. माझा चौथा चौकोन त्या दिवसापासून किंचित तिरका बसतो.

तेव्हापासून रोजचा नेम सुरू झाला. चहा, मग अर्धा तास वाजवणं, मग शेवटी मोजून तीन ठोके आणि आईचं वाचन. अडतीस. सेहेचाळीस. एक दिवस एक्केचाळीस, त्या दिवशी बाबा दुपारपर्यंत फुगून बसले. अठ्ठावन्न. बाबांनी कपाटाखालचा चेंडूही काठीने बाहेर काढला.

आणि धून? मालकिणीने जुनी सगळी पुसली आणि खऱ्या जोराने पुन्हा वाजवून घेतली. आता डावा हात दणक्यात पडायचा आणि उजवा त्याच्या मागून हलकेच, थोडा दबकत यायचा. तिचं नाक मुरडणं थांबलं. ती धून सध्या एका कुरिअर कंपनीच्या फोनवर वाजते. पेंटरकाका दिवसातून एकदा तरी तिथे फोन लावतात, शिट्टीपर्यंत ऐकतात आणि कुणी फोन उचलला की ठेवून देतात. कंपनीवाले हैराण आहेत.

आता आज सकाळचं सांगतो. काल शेवटचा ठोका सत्त्याहत्तर आला होता, तेव्हा आज ऐंशी होणार अशी बाबांना खात्रीच. त्यांनी निळे कपडे इस्त्री करून घातले. आईने डबा भरून दिला आणि ती काही आणायला खाली गेली. बाबांचा चष्मा डब्याच्या पिशवीत बांधला गेला होता. पेंटरकाका स्कूटर घेऊन खाली हजर, दर अर्ध्या मिनिटाला हॉर्न. वाचायला होती एकटी मालकीण.

पहिला ठोका चौऱ्याहत्तर. दुसरा शहात्तर. बाबांनी बाही वर सारली, श्वास घेतला आणि तिसरा दिला. सगळा जीव त्या ठोक्यात होता. रबर आत दबलं, मी तो नीट मोजला आणि वायरीतून पाठवला.

अठ्ठ्याहत्तर.

दोनने काय होतं हो? दोन आकड्यांचा फरक कानाला कळत नाही. सांगायचं तर मलाच तो पाठवताना जिवावर आलं. बाबा तिच्याकडे बघत होते, पिशवी एका हातात, डोळे लहान मुलासारखे. खाली हॉर्न. ती पडद्याकडे बघत होती. तिचं बोट माझ्या कडेवर होतं. ते त्या बटणापाशी जाऊन थांबलं होतं.

"अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली. "आज नाही, बाबा."

बाबांनी पिशवी टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता उठून आत जाणार. पण ते जागचे हलले नाहीत. पिशवीतून चष्मा काढून पडदा बघावा, तर तेही नाही. तिच्या डोक्यावर त्यांनी उजवा हात ठेवला.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता तू ज्या दिवशी ऐंशी म्हणशील, त्या दिवशी मी चष्मा न लावता, आकडा न बघताच जाईन."

मालकीण रडली, मग हसली, मग तिने खिडकीतून खाली ओरडून काकांना आणि आईला वर बोलावलं. या क्षणी चौघं माझ्याच टेबलाभोवती बसून गॅरेजसाठी भरलेला डबा खातायत. काका म्हणतात की डबा दोन आकड्यांनी कमी भरलाय. माझ्या वरच्या ओळीत कण सांडलेत.

माझं काय, मी आहे तसा आहे. एक चौकोन डागाळलेला, एक तिरका, एक खुंटी हरवलेली, वायर दोनदा बदललेली. तुमच्याही घरात कुठल्या मासिकांखाली माझा एखादा भाऊबंद पडला असेल तर त्याची वायर शोधा, त्याला जोडा आणि वाजवा. हलका हात असला तर हलका मारा, आम्ही हसत नाही. फक्त कोपऱ्यातलं ते बटण तेवढं आपल्या माणसासाठी दाबू नका.

उद्या सकाळी चहा झाला की बाबा पुन्हा येतील. तीन ठोके देतील आणि मुलीकडे बघतील. ती जे म्हणेल तेच मी म्हटलेलं असेल.